लाटांचा मारा झेलणारे पाण्याखालचे कडे आणि त्यांच्यावरची वस्ती

शेवाळ

नमस्कार मंडळी.

प्रवाळ, कासवं, डॉल्फिन यांच्यावर या मंचावर बरंच लिहून झालंय. पाण्याखालच्या उभ्या खडकांवर मात्र काही सापडलं नाही, म्हणून हा प्रपंच.

मी एडिंबराला असते. इथून गाडीने तासाभरावर, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याला सेंट ॲब्स नावाचं गाव आहे. छोटंसं बंदर, मोजकी घरं आणि पलीकडे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे कडे. पाण्याची रेषा ओलांडून हे कडे तसेच खाली उतरतात. समोर सगळा उत्तर समुद्र मोकळा. ईशान्येचा वारा धरला की लाटेच्या आड यायला काही नाही. नोव्हेंबर २०२१ मधलं आर्वेन वादळ नेमकं याच दिशेने आलं होतं. १९८४ पासून इथे लोकांनी आपणहून पाळलेलं सागरी राखीव क्षेत्र आहे, स्कॉटलंडमधलं अशा प्रकारचं पहिलं. डायव्हर इथून काही उचलून नेत नाहीत.

बंदराला लागूनच कॅथीड्रल रॉक नावाची पाण्याखालची कमान आहे. वरच्या अंगाला केल्पचं, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाचं रान: काठीसारखे ताठ देठ, त्यांना पंख्यासारखी पानं, आणि सगळं एका लयीत डोलणारं. कमानीच्या आत शिरलात की केल्प संपतं. ऊन नाही, त्यामुळे वनस्पतींचं काम नाही. आता टॉर्च लावा. भिंतीचा इंचभर दगडही उघडा दिसत नाही. पांढरे आणि केशरी वीतभर पंजे दाटीवाटीने उभे असतात. त्यांना इथे डेड मेन्स फिंगर्स म्हणतात. हा मऊ प्रवाळाचा प्रकार. नाक लावून बघितलं तर पंजाच्या अंगावर शेकडो पारदर्शक पॉलिप (प्रवाळाचे एकेक छोटे प्राणी) फुललेले दिसतात, प्रत्येकाला पिसासारखे आठ शुंडके. मध्ये उरलेल्या जागेत समुद्रफुलं (सी ॲनिमोनी), स्पंजाचे थर, दगडाला चिकटलेले कवचवाले बार्नेकल, झुडपासारख्या दिसणाऱ्या हायड्रॉइड प्राण्यांचे झुपके. हायड्रॉइडच्या देठांवर सुईएवढे कॅप्रेला झिंगे मागच्या पायांनी घट्ट धरून नमस्कार घातल्यासारखे वाकत असतात.

आता मुद्द्याचं. लाटा म्हणजे त्रास, आणि प्राणी बिचारे तो सोसून कसेबसे राहतात, असं आपण धरून चालतो. मला हे उलटं वाटतं. या भिंतीवरची श्रीमंती लाटेनेच आणलेली आहे. त्याच खडकाच्या आडोशाच्या बाजूला गेलात, तर तिथे गाळाची पातळ साय बसलेली असते आणि वस्ती विरळ होते.

कारण असं की हे प्राणी जागचे हलत नाहीत. अन्न त्यांच्याकडे चालून यावं लागतं. खडकाला अगदी चिकटलेलं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं आणि त्याच्यावर एक संथ थर असतो. त्या थरातलं अन्न आणि प्राणवायू एकदा संपला की नवा सहज पोचत नाही. पाणी जोराने हललं की हा थर पातळ होतो. त्यातही एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहापेक्षा मागेपुढे होणाऱ्या लाटेत तो जास्त पातळ राहतो, कारण थर जाड व्हायच्या आत पाण्याची दिशाच फिरते. शिवाय लाट गाळ बसू देत नाही. गाळ बसला की स्पंजाची छिद्रं बुजतात आणि नुकत्या आलेल्या अळ्यांना पकडायला स्वच्छ दगड मिळत नाही.

लाटेची खोलीसुद्धा आपल्याला वाटते त्याहून जास्त असते. साधारण नियम असा की लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पाणी हलतं. दोन लाटांमध्ये १० सेकंदांचं अंतर असेल तर खोल समुद्रात लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर भरते, म्हणजे हालचाल ७८ मीटरपर्यंत जाते. आम्ही १५ मीटरवर असतो, तेव्हा ती चांगलीच जाणवते. वर समुद्र शांत दिसत असला तरी खाली पाणी आपल्याला दोन हात पुढे नेतं आणि परत आणतं.

फोटो पुढच्या प्रतिसादांत टाकते. प्रश्न असतील तर जरूर विचारा.

मंजिरी_म

सुंदर लिहिलंय, वाचतेय. एक शंका. जिथे दगड झिजतो तिथे हे मऊ प्राणी फाटत कसे नाहीत?

ठाणेकर८२

माहिती छान. पण वादळानंतर किनाऱ्यावर मेलेल्या प्राण्यांचे ढीग येतात, ते मी बातम्यांत पाहिले आहेत. लाट जर एवढी पोसणारी असेल तर मग ते कसं?

शेवाळ

मंजिरी, पाणी हवेपेक्षा ८०० पटींहून जास्त घन आहे, त्यामुळे त्याचा धक्काही तसाच. आणि वेग दुप्पट झाला की ओढ दुपटीवर न थांबता चौपट होते. त्यामुळे ताठ उभं राहून सामना करणारे इथे फार नाहीत. डेड मेन्स फिंगर्सचा पंजा लाटेबरोबर लवतो आणि ती परतली की उभा राहतो. समुद्रफूल अंग आखडून बुटकं गोळ्यासारखं होतं. बार्नेकल मात्र कवच घालून, सिमेंटने कायमचं चिकटून बसतं.

मला सगळ्यांत आवडतं ते स्पंजाचं. हॅलिकॉन्ड्रिया पॅनिसिया नावाचा एक स्पंज आहे. शांत खाडीत तो धुरांड्यांसारखे उंच नळकांडे काढतो. लाटांच्या खडकावर तोच स्पंज चपटा थर होऊन राहतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याबाहेर टाटूश नावाचं बेट आहे. तिथे स्टीफन पालुंबी यांनी १९८० च्या दशकात हे स्पंज शांत जागेतून लाटांच्या जागी हलवून पाहिले, तर काही आठवड्यांत त्यांचं अंग जास्त कडक आणि चिवट झालं होतं. ज्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, असा प्राणी पाण्याचा जोर ओळखून आपलं शरीर नव्याने बांधतो. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते.

बार्नेकलसुद्धा असंच करतं. कवचातून पिसांसारखे पाय बाहेर काढून ते अन्न गाळतं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बॅलॅनस ग्लँड्युला या जातीचे पाय शांत पाण्यात लांब आणि नाजूक असतात, तर उघड्या किनाऱ्यावर आखूड आणि जाड. जागा बदलली की पुढच्या एक-दोन कातींत पायांची लांबीही बदलते.

ठाणेकर, तुमचं म्हणणं खरं आहे. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशायरच्या होल्डरनेस भागात थंडीच्या लाटेनंतर आणि वादळानंतर तारामासे, खेकडे, शिंपले, लॉबस्टर यांचे थर पुळणीवर येऊन पडले होते. मच्छीमारांनी जिवंत राहिलेले लॉबस्टर गोळा करून पुन्हा समुद्रात सोडले. वादळ मारतं, यात वाद नाही. पण त्याने मोकळी केलेली जागा तशीच राहत नाही. त्याच टाटूश बेटावर रॉबर्ट पेन यांनी वर्षानुवर्षं शिंपल्यांच्या गाद्यांचा, म्हणजे खडकावर दाटीने चिकटलेल्या थरांचा अभ्यास केला. हिवाळी वादळं आणि वाहून आलेले ओंडके त्या गाद्यांत भगदाडं पाडतात. ती भगदाडं पडली नाहीत, तर शिंपले बाकी सगळ्यांना दाबून टाकतात. पोस्टेल्सिया नावाचं ताडाच्या झाडासारखं दिसणारं एक समुद्री शेवाळ तिथे आहे. त्याचं जगणं या भगदाडांवरच अवलंबून आहे.

आमच्याकडे हे बघायचं तर भिंतीच्या पायथ्याशी बघावं. वादळात तिथले गोटे भिंतीवर आपटत राहतात, त्यामुळे जमिनीलगतचा हात-दोन हात पट्टा घासला जातो. त्या पट्ट्यात फक्त पटकन वाढणारे सापडतात: पांढऱ्या चुनखडी नळीत राहणारे स्पायरोब्रँकस कृमी आणि बार्नेकल. वर नजर गेली की पुन्हा पंजे सुरू.

अबोली

तुम्ही मागे एका धाग्यावर गुलाबी-हिरव्या ठिपक्यांच्या भिंतीचा फोटो टाकला होता. तो सेंट ॲब्सचाच का?

शेवाळ

नाही. तो कॉर्नवॉलचा, इंग्लंडचा नैर्ऋत्य कोपरा. ती ज्वेल ॲनिमोनी, शास्त्रीय नाव कोरिनॅक्टिस व्हिरिडिस. तिला जरा उबदार अटलांटिक पाणी लागतं, म्हणून सेंट ॲब्सला दिसत नाही. कॉर्नवॉल, लुंडी बेट, आयर्लंडचा पश्चिम किनारा, आणि अगदी बाहेर, स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा बेटं, अशी तिची ठाणी. सगळ्या जागा अटलांटिकच्या लाटांना तोंड देणाऱ्या. सेंट किल्डाचं पाणी इतकं स्वच्छ की केल्पचं रान तिथे ३०-३५ मीटरपर्यंत उतरतं, आणि प्राण्यांचं राज्य त्याच्या खाली किंवा उभ्या भिंतींवर.

एकेक फूल जेमतेम सेंटीमीटरभर. शुंडक्यांच्या टोकाला बारीक गोल गोंडे असतात. गंमत त्यांच्या रंगांत आहे. एक फूल मधोमध उभं चिरून दोन होतं, दोनाची चार, आणि सगळी हुबेहूब त्याच रंगाची. म्हणून भिंतीवर हातभर गुलाबी, त्याला खेटून हातभर हिरवं, मग केशरी, अशी ठिगळांची गोधडी तयार होते. प्रत्येक ठिगळ म्हणजे एका पूर्वजाचं सारं घराणं. दोन रंगांच्या सीमेवर टॉर्च धरला की रेघ मारल्यासारखी हद्द दिसते.

हद्दीवरून भांडणंही होतात, पण ती मेट्रिडियम या दुसऱ्या समुद्रफुलात जास्त पाहिली गेली आहेत. परक्या घराण्याचं फूल खेटलं की ते खास लढाईसाठी वाढवलेले लांब शुंडके काढून समोरच्याला डंख मारतं. आपल्याच घराण्यातल्याला मात्र काही करत नाही.

मंजिरी_म

उत्तर मिळालं, धन्यवाद ताई. त्या पंजांना खाणारं कुणी आहे का? की एकदा जागा धरली की झालं?

शेवाळ

आहे ना! ट्रायटोनिया होम्बर्गी. हा सी स्लग, म्हणजे बिनशंखाचा गोगलगाय, २० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि याच पंजांवर जगतो. भिंतीवर कुरतडलेला पंजा दिसला की मी आधी आजूबाजूला त्याला शोधते. रंगाने तो पंजाशी असा मिसळून जातो की नजर सरावायला वेळ लागतो. काटेरी गोळ्यासारखे सी अर्चिनही चरतात, पण त्यांना सपाट आणि कमी हलत्या जागा सोयीच्या पडतात. उभ्या भिंतीवर लाटेच्या ओढीत पाय रोवून चरणं जड जातं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर केनेथ सेबेन्स यांनी अशा भिंतींचं काम केलंय. तिथे अर्चिन असलेले सपाट खडक चरून गुलाबी चुनखडी शेवाळाचे राहतात, आणि शेजारच्या भिंतीवर मात्र मऊ प्रवाळ आणि पिशवीसारखे ॲसिडियन यांची गर्दी असते.

आणखी एक सांगते. जुलै-ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत हे पंजे स्वतःहून बंद होतात. पॉलिप आत, खाणं बंद, अंग आक्रसलेलं. वर तांबूस शेवाळाची साय चढते, त्यावर हायड्रॉइडही उगवतात. नवखे डायव्हर बघतात आणि भिंत मेली म्हणून हळहळतात. मग हिवाळ्यात ती वरची कातडी टाकून पंजे पुन्हा पांढरेशुभ्र होतात आणि त्याच सुमारास अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. पाणी तेव्हा हाडं गोठवणारं असतं, पण या भिंती बघायच्या तर मी हिवाळा संपतानाच जावं असं सांगेन.

दर्यातला_इंजिनियर

इतके दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही.

तुम्ही लिहिताय ते मी दुसऱ्या बाजूने पाहिलंय. अनेक वर्षं मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर नोकरी केली. किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात साधारण ७५-८० मीटर पाण्यात लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा असतो, त्याला आम्ही जॅकेट म्हणतो. १९७६ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. आसपास सगळा तळ गाळाचा. म्हणजे चिकटून राहणाऱ्या प्राण्याला त्या भागात कडक जागा मिळते ती आमच्या जॅकेटचीच, आणि ती लाटेत उभी. तुमच्या भाषेत ही उभी भिंतच झाली.

आमच्या कागदांवर या वस्तीचं नाव मरीन ग्रोथ. तपासणीच्या व्हिडिओत वरच्या भागात बार्नेकल आणि कालवं दिसायची, खाली गेलं की हायड्रॉइड आणि समुद्रफुलं. डायव्हर पट्टीने जाडी मोजून सांगत. कारण नळीची जाडी वाढली आणि पृष्ठभाग खडबडीत झाला की लाटेची ओढ वाढते, आणि डिझाइनमध्ये धरलेल्या मर्यादेच्या बाहेर गेलं की साफ करावं लागतं. उच्च दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने खरवडतात. पावसाळ्यात ही कामं होत नाहीत, सगळं फेअर वेदर सीझनमध्ये, म्हणजे ऑक्टोबर ते मे.

शेवाळ ताई, लाट त्यांना पोसते हे वाचून एक गोष्ट उमगली. साफ केलेली नळी काही महिन्यांत पुन्हा भरू लागायची. आम्ही त्याला डोकेदुखी म्हणायचो. पण जॅकेटच्या पायांशी माशांची जी झुंबड असायची, ती बघायला सुट्टीच्या वेळी सगळे कठड्याशी येऊन उभे राहायचे.

शेवाळ

काका, हे फार मोलाचं आहे. दगड आणि गाळ यांतला हा फरक मी वर नीट लिहिला नव्हता. बार्नेकलची अळी बसण्यापूर्वी पृष्ठभागावर अक्षरशः चालून बघते आणि जिथे आपल्या जातीच्या मोठ्यांची खूण लागते तिथे बसणं पसंत करते. साफसफाईनंतर नळी भराभर भरते त्यामागे हेही एक कारण असणार, कारण शेजारच्या नळीवर मोठी बार्नेकल असतातच.

वामन_खडपी

तुमी लिवलास ता वाचून बरा वाटला. आमच्या खडपांची गोष्ट कोण लिवत नाय.

मी मालवणचा. घरची होडी आहे, सीझनला पर्यटकांना स्नॉर्केलिंगला नेतो. आमच्याकडेही पावसात समुद्र काय कमी असतो? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पश्चिमेच्या तटावर आषाढातली लाट फुटते ती किनाऱ्यावरून ऐकू येते. मग आमच्या खडकांवर अशी दाट वस्ती का दिसत नाही? किल्ल्याच्या बाहेरच्या खडकांवर कालवं असतात, बार्नेकल असतात, स्पंज असतो. पण तुम्ही सांगता तसा इंच इंच भरलेला खडक मी तरी पाहिलेला नाही.

शेवाळ

वामनदादा, या प्रश्नाचीच वाट बघत होते.

पहिली गोष्ट, तुमची लाट एकटी येत नाही. सेंट ॲब्सला वादळात समुद्र खवळतो, पण पाण्याचा खारटपणा फारसा ढळत नाही. कोकणात ज्या महिन्यांत सगळ्यांत मोठ्या लाटा, त्याच महिन्यांत गड आणि कर्ली नद्या, कोळंबची खाडी, सगळ्या लाल माती आणि गोडं पाणी घेऊन समुद्रात उतरतात. लाट गाळ उडवते खरी, पण वरून नवा गाळ येतच राहतो. चिकटून बसलेल्या प्राण्याला पळता येत नाही. कालव आणि बार्नेकल कवच मिटून गोड्या पाण्याचे दिवस काढू शकतात, मऊ प्रवाळाला ती सोय नाही. तुमच्या खडकावर कोण टिकलंय ते बघा, बरोबर हेच दोन कवचवाले तुम्ही आधी लिहिलेत.

दुसरी गोष्ट पावसाळ्याच्या शेवटाची. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत तळाचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ भागात चढतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कांदोळीसमोर ठरलेल्या ठिकाणी वर्षानुवर्षं हे मोजलंय. लाटेने घुसळलेल्या वरच्या पाण्याला याचा त्रास कमी, खालच्या खडकांना जास्त. म्हणजे इथेही लाट वाचवतेच.

तिसरी गोष्ट म्हणजे बघायला कोण जातंय? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरच्या आसपासचं. तिथे शास्त्रज्ञांचं लक्ष मुख्यतः प्रवाळावर असतं, आणि ते योग्यच आहे, विशेषतः गेल्या दशकात तिथे प्रवाळ पांढरं पडल्याच्या नोंदी झाल्यापासून. पण प्रवाळ मोजणारा माणूस आडव्या, उजेडाच्या खडकावर पोहतो. खडकाच्या कपारी, आत झुकलेल्या बाजू, उभे कडे त्याच्या वाटेत येत नाहीत. तुम्ही रोज त्यांच्या शेजारून होडी नेता. तुमच्याकडे जे आहे ते सेंट ॲब्सपेक्षा कमी असेल असं मला वाटत नाही. ते वेगळं असेल, आणि त्याची यादी अजून कुणी नीट केलेली मी पाहिलेली नाही.

ठाणेकर८२

हे पटलं. वामन, तुम्हीच करा ना सुरुवात.

वामन_खडपी

करायला हरकत नाही. मोबाईलचं पाण्यातलं कव्हर आहे, मुलगा डायव्हिंग शिकलेला आहे. पण नेमकं करायचं काय? नुसते फोटो काढून उपयोग होतो का?

शेवाळ

होतो, पण एक पथ्य पाळायचं. दरवेळी तोच खडक, त्याच खडकाचा तोच तुकडा. प्लास्टिकच्या नळीची चौकट करून घ्या, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर पुरे. ती खडकावर धरायची आणि समोरून सरळ फोटो. खोली आणि तारीख वहीत. प्राण्याचं नाव माहीत नसलं तरी चालेल, ते नंतर शोधता येतं. जागा चुकली तर मात्र फोटो जुळवता येत नाहीत.

एकच सुटा खडक निवडा, ज्याची एक बाजू उघड्या समुद्राकडे आणि दुसरी किनाऱ्याकडे आहे. दोन्ही बाजूंना सारख्याच खोलीवर चार-चार चौकटी. एकदा नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळलं की, आणि एकदा मे महिन्यात पाऊस लागायच्या आधी. आत झुकलेली कपार असेल तर तिथे एक जास्तीची चौकट, टॉर्च लावून. अभयारण्य आहे, तेव्हा खरवडायचं काही नाही, हातमोजे घालूनसुद्धा खडकाला धरायचं नाही. मुलगा खाली असताना होडी वाऱ्याच्या बाजूला बांधू नका, आणि लाटांमधलं अंतर लांब वाटलं, म्हणजे वर सपाट दिसूनही होडी हळूच वर-खाली होत असेल, तर समुद्राकडची बाजू त्या दिवशी सोडून द्या. तिथे खाली ओढ असणार.

पहिले फोटो आले की इथेच टाका. स्पंज आणि हायड्रॉइड मी ओळखायचा प्रयत्न करते, कालवं-बार्नेकलसाठी काकांना व्हिडिओ बघायची सवय आहेच.

दर्यातला_इंजिनियर

तयार आहे. चौकटीवर दर १० सेंटीमीटरला काळ्या चिकटपट्टीची खूण करा, वामन. आम्हीही जाडी मोजताना तसंच करायचो, फोटोवरून आकार लगेच कळतो. आणि समुद्राकडच्या बाजूचे फोटो आधी काढून घ्या, दुपारी वारा वाढला की तिकडे थांबता येत नाही.